कोल्हापुरात बसून खोल समुद्रातल्या माशाची नीट माहिती कशी लिहायची (वायपरफिश धरून)

पोरांचा प्रोजेक्ट असो, एमएस्सीचा सेमिनार असो, नाहीतर ग्रुपवर आलेला भयानक दातांचा फोटो खरा का खोटा ते बघायचं असो, खोल समुद्रातल्या माशावर लिहायचं म्हणलं की आपल्याकडं पद्धत ठरलेली. गुगल करायचं, वरची दोन पानं उघडायची, एक हेडिंग 'शारीरिक वैशिष्ट्ये', दुसरं 'आढळ', आणि खाली पेस्ट. वाचणाऱ्याला कळतं काय, तर माशाला दात आहेत आणि तो समुद्रात राहतो. माझं मत विचाराल तर सगळी गोची ह्या दोन वेगळ्या हेडिंगातच आहे. दात कसे, डोळा केवढा, पोटावर दिवे किती, कल्ले केवढे, ह्यातलं प्रत्येक त्या माशाच्या खोलीशी आणि तिथल्या पाण्याशी बांधलेलं असतं, त्यामुळं अंग लिहिताना जागा आणि जागा लिहिताना अंग डोक्यात ठेवावं लागतं. खाली जे सांगतोय ते सगळं ह्याच हिशोबानं.

उदाहरणाला वायपरफिश घेतलाय. एक तर त्याच्यावर भरपूर काम झालंय, दुसरं म्हणजे त्याच्या नावावर इंटरनेटवर भरपूर कचरापण आहे, आणि तिसरं, त्याचा एक भाऊबंद आपल्या अरबी समुद्रात राहतो आणि त्याची गोष्ट लई भारी आहे, ती पुढं नकाशाच्या वेळी येईल.

आधी नाव पक्कं करा

'वायपरफिश' हे एका माशाचं नाव नाही. कॉलिओडस ह्या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) सगळ्याच जातींना लोक वायपरफिश म्हणतात, त्यामुळं नुसत्या त्या नावावर माहिती गोळा केली की लांबी एकाची, खोली दुसऱ्याची आणि फोटो तिसऱ्याचा असं कडबोळं होतं. आपण घेतोय तो कॉलिओडस स्लोआनी. ब्लॉख आणि श्नायडर यांनी १८०१ साली ह्याला हे नाव दिलं, आणि त्यातलं स्लोआनी हे हान्स स्लोन यांच्यावरून, ज्यांच्या संग्रहातून पुढं ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं ते स्लोन. उत्तर पॅसिफिकमधला कॉलिओडस मॅकूनी वेगळा, अटलांटिकमधला लहान चणीचा कॉलिओडस डानी वेगळा, आणि आपल्याकडचा कॉलिओडस पॅमेलास वेगळा.

नाव तपासायला एश्मायर यांचा कॅटलॉग ऑफ फिशेस बघायचा, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवर तो फुकट आहे. तिथं जात टाकली की कुणी, कधी, कुठल्या जीनसमध्ये पहिल्यांदा वर्णन केलं आणि आज कुठलं नाव चालतं हे सगळं येतं. एक बारीक गोष्ट इथंच शिकून ठेवा, कारण सेमिनारला हमखास विचारतात. शास्त्रीय नावापुढं संशोधकाचं नाव कधी कंसात असतं, कधी नसतं, आणि ते टायपिंगच्या हौसेनं नसतं. पहिल्या वर्णनातला जीनस आजही तोच असेल तर कंस नाही, जीनस नंतर बदलला असेल तर कंस. स्लोआनीला कंस नाही. आपल्या बोंबलाला आहे, कारण हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याला ऑस्मेरस जीनसमध्ये टाकलं होतं आणि आज तो हार्पाडॉनमध्ये आहे, म्हणून हार्पाडॉन नेहेरियस (हॅमिल्टन, १८२२).

जुन्या पुस्तकात वायपरफिशचं कुळ कॉलिओडोंटिडी असं वेगळं दिलेलं सापडेल, हल्ली त्याला स्टोमिइडी ह्या मोठ्या कुळात धरतात. ह्यावरून कुणी वाद घातला तर घाबरायचं कारण नाही, फक्त कुठल्या सालचं पुस्तक ते बघा.

हात बसवायला बोंबील आणा

हे ऐकून लोक हसतात, पण मासा हातात न घेता माशाचं वर्णन लिहिणं म्हणजे पोहायला यायच्या आधी पोहण्यावर भाषण. खोल समुद्रातला मासा कोल्हापुरात कुठनं मिळणार, घाटाखालनं आपल्या मार्केटला येणारा माल बहुतेक किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातला. पण ओला बोंबील मिळाला तर काम होतं. बोंबील काही खोल समुद्रातला नाही, तरी ज्या ऑलोपिफॉर्मिस गणात तो येतो त्यातली बरीच मंडळी खोलात राहणारी आहेत, तळाशी तीन लांब काड्यांवर उभा राहणारा ट्रायपॉड फिश त्यातलाच. म्हणून मोठं तोंड, सुईसारखे दात, पाणचट मऊ अंग हे सगळं बोंबलात तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

मार्केटला गेल्यावर आधीच सांगा, "मावशी, कापू नका, डोकं-शेपूट ठेवून तसाच द्या." त्या म्हणतील, "तसाच? आन् साफ कोन करनार?" तुम्ही करणार, दुसरं कोण. चुरगळलेला नको, शेपटी शाबूत असलेला बघून घ्या.

घरी आल्यावर ताटात थोडं पाणी घेऊन त्यात मासा आडवा ठेवा, तोंड डावीकडं. माशाचे फोटो आणि चित्रं बहुतेक ठिकाणी डाव्या बाजूनंच असतात, सवय तीच लावा. स्टीलची पट्टी, एक टूथपिक, मोबाइलचा टॉर्च, बास. पहिल्यांदा लांबी, आणि इथंच निम्मे लोक गंडतात. लांबी दोन तऱ्हेची असते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत ती टोटल लेंग्थ. तोंडाच्या टोकापासून शेपटीचा फिन जिथं सुरू होतो, म्हणजे पाठीचा कणा जिथं संपतो तिथंपर्यंत ती स्टँडर्ड लेंग्थ. शेपटीचा फिन हळूच डावी-उजवीकडं वाकवला की जिथं घडी पडते ती जागा धरायची. खोल समुद्रातल्या माशांची शेपटी जाळ्यात येताना फाटलेली असते, म्हणून शास्त्रीय वर्णनात बहुतेक वेळा स्टँडर्ड लेंग्थच देतात. दोन साइटवर दोन आकडे दिसले की आधी हेच तपासा, बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतात.

मग फिन. पाठीवरचा फिन टूथपिकनं उचलून टॉर्च मागनं धरला की आतल्या काड्या एकेक मोजता येतात. त्याच्या मागं शेपटीकडं एक छोटा मांसल फिन दिसेल, त्यात काडीच नाही. त्याला ॲडिपोज फिन म्हणतात, तो वायपरफिशलाही असतो, तरी दोघं जवळचे नातेवाईक नाहीत, गणच वेगळा. आता शेपटी बघा, दोन नाही तीन टोकं आहेत. अंगाच्या बाजूनं जी रेघ जाते, जिला लॅटरल लाइन म्हणतात, ती सरळ त्या मधल्या टोकावर जाते. तोंड उघडून टॉर्च मारा, दात आतल्या बाजूला कललेले आहेत, बोट आत सहज सरकतं आणि बाहेर काढताना अडकतं. बेतानं करा. हे सगळं वहीत लिहून झालं की मग रव्यात घोळवून काय करायचं ते करा.

एवढं एकदा हातानं केलं की पुढं कुठल्याही माशाचं वर्णन वाचताना डोळ्यापुढं मासा उभा राहतो.

आता वायपरफिशचं अंग

लांबी जास्तीत जास्त ३५ सेंटीमीटरच्या आसपास. हे पहिल्याच ओळीत लिहा, कारण फोटो बघून लोकांना वाटतं हा मासा माणूस गिळतोय. अंग लांबट, चपटं, रंग चंदेरी-निळसर झाक मारणारा काळपट, बाजूला मोठ्या षटकोनी खवल्यांच्या पाच ओळी, वरनं जेलीसारखा पातळ थर. पाठीवरचा फिन डोक्याच्या लगेच मागं, एकदम पुढं सरकलेला, त्यात मोजक्याच सहा-सात काड्या, आणि त्यातली पहिली काडी बाकीच्यांच्या कितीतरी पट लांब. तिच्या टोकाला उजेड देणारा अवयव आहे आणि ती काडी पुढं तोंडाच्या बाजूला वाकवता येते. गुदाजवळचा फिन पार मागं, शेपटीला टेकलेला.

आता नुसतं असं लिहून थांबलात तर ती यादी झाली. प्रत्येक गोष्टीपुढं 'हे कशाला' एवढं विचारायचं.

दात घ्या. खालच्या जबड्यातले पुढचे दात इतके लांब की तोंड मिटल्यावर ते आत मावतच नाहीत, बाहेरनं डोळ्याच्या दिशेनं वर जातात. कारण काय, तर अर्धा किलोमीटर खाली खाणं मुळातच कमी, समोर आलेलं एक भक्ष्य निसटलं तर पुढचं कधी भेटेल त्याचा नेम नाही, म्हणून चावून खायचे दात नाहीत हे, पकडून ठेवायचे आहेत. खाण्यात मुख्य लँटर्नफिश (अंगावर दिवे असलेले छोटे मासे) आणि कोळंबीच्या जातीतले जीव.

दात एवढे लांब झाले की नवीनच अडचण उभी राहते, तोंड उघडायचं किती? इथं विषय हार्ड आहे. चेर्नाविन यांनी १९५३ साली ह्या एकाच माशाच्या खाण्याच्या तऱ्हेवर सविस्तर अभ्यास छापला. डोकं आणि पाठीचा कणा ह्यांच्या सांध्यात एवढी सैल जागा आहे की मासा डोकं मागं फेकतो, खालचा जबडा खाली-पुढं येतो, आणि त्याच वेळी कल्ले आणि हृदयसुद्धा मागं-खाली ओढले जातात, म्हणजे मोठं भक्ष्य आत जाताना ह्या नाजूक गोष्टींना मार बसत नाही. हृदय बाजूला सरकवून जेवणारा मासा, काय बोलणार. तुमच्या लेखात एकच गोष्ट सविस्तर लिहायची असेल तर ही लिहा, दातांवर सगळेच लिहितात.

मग उजेड. पोटाच्या खालच्या बाजूला प्रकाश देणाऱ्या अवयवांच्या ओळी आहेत, फोटोफोर म्हणतात त्यांना. ह्याचा उपयोग शोभेसाठी नाही आणि समोरचं दिसावं म्हणूनही नाही. २०० मीटरच्या खाली वनस्पतींना पुरेल एवढा उजेड उरत नाही, पण साधारण १००० मीटरपर्यंत वरनं अगदी मंद निळा उजेड झिरपत राहतो. खालून कुणी वर बघितलं तर माशाची सावली त्या उजेडावर काळी दिसणार. पोटावरचे दिवे तेवढ्याच मंद निळ्या उजेडात लावले की सावली पुसली जाते. म्हणजे पोटावर फोटोफोरच्या ओळी असलेला मासा दिसला की तो थोडातरी उजेड पोचणाऱ्या पट्ट्यात वावरतो, असा अंदाज नकाशा न बघता बांधता येतो. जे मासे कायम गडद अंधाराच्या पट्ट्यात राहतात, तिथं ह्या पोटावरच्या ओळी कमी होत जातात किंवा नसतातच, कारण सावली पडायला वर उजेड पाहिजे ना.

इथं एक सावधगिरी. ह्या कुळातल्या इतरांच्या करामती वायपरफिशच्या नावावर खपवलेल्या सगळीकडं सापडतात. लाल उजेड टाकणारा मासा म्हणून जो सांगतात तो मॅलाकॉस्टिअस आणि त्याच्या जवळचे एक-दोन, वायपरफिश नव्हे. पारदर्शक दातांवर २०१९ मध्ये जो अभ्यास गाजला तो ॲरिस्टोस्टोमियास ह्या ड्रॅगनफिशवर. कुळ एकच असलं तरी तुमच्या जातीवर काम झालंय का नाही ते बघूनच लिहा, आणि झालं नसेल तर 'ह्याच कुळातल्या अमुक माशात' असं स्पष्ट म्हणा. पाटलांच्या थोरल्याचं कौतुक धाकट्याच्या नावावर लिहून कसं चालेल.

खोली लिहिताना

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. कोकणातनं घाट चढून आपण जेवढं वर येतो तेवढंच पाण्यात खाली जायचं, की वायपरफिशचा दिवसाचा मुक्काम नुसता सुरू होतो, आणि तिथनं पुढं हजार-अठराशे मीटरपर्यंत त्याची वस्ती. दर १० मीटरला पाण्याचा दाब एक वातावरण वाढतो, म्हणजे हजार मीटरवर शंभरपट. पोरांना हे असंच सांगा, आकडा नुसता लिहिला तर कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

पण खोलीचा एकच आकडा देऊ नका. वायपरफिश रात्री वर येतो, सगळे येत नाहीत पण बरेच येतात, दिवसा मुक्काम ज्या पाण्यात त्याच्या कितीतरी वर, कारण त्याचं खाणं म्हणजे लँटर्नफिश अंधार पडला की वर जातात आणि उजाडायला खाली परततात. म्हणून 'दिवसा इतकं, रात्री इतकं' असं लिहायचं. कुठं ४७०० मीटर असा आकडा दिसला तर त्यावर उड्या मारायच्या नाहीत. साधं जाळं खाली सोडताना आणि वर ओढताना तोंड उघडंच असतं, मासा नेमका कुठल्या खोलीवर आत शिरला हे जाळं सांगत नाही, रेकॉर्डमध्ये मात्र जाळं जास्तीत जास्त किती खाली गेलं तो आकडा पडतो. ठरावीक खोलीवरच उघडणारी आणि मिटणारी जाळी वापरली असतील तर तो आकडा भरवशाचा. फिशबेस ह्या माशांच्या माहितीच्या साइटवर खोलीचे दोन पट्टे देतात, एक एकूण आणि एक नेहमीचा. नेहमीचा धरा, दुसरा 'कमाल नोंद' म्हणून टाका.

नकाशा, आणि त्यातली खरी गंमत

आढळ म्हणून 'अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक महासागर' लिहून लोक मोकळे होतात. चूक नाही, स्लोआनी उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यात जगभर सापडतो, पश्चिम भूमध्य समुद्रातपण आहे. पण नकाशा स्वतः काढून बघा, मग कळतं हे वाक्य किती पोकळ आहे.

ओबिस म्हणून समुद्री जीवांच्या नोंदींचा डेटाबेस आहे आणि जीबिफ म्हणून सगळ्याच जीवांचा. दोन्हीवर जातीचं नाव टाकलं की नोंदींची फाइल डाउनलोड होते, प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, तारीख, कधीकधी खोली. एक्सेलमध्ये उघडा, क्यूजीआयएस (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्यात टाका, नसेल तर गुगल माय मॅप्स चालतं. टाकायच्या आधी तीन प्रकारची घाण काढायची. एक, अक्षांश शून्य रेखांश शून्य असलेल्या ओळी, त्या आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एकाच जागी पडतात आणि खऱ्या वाटतात, प्रत्यक्षात तिथं कुणीतरी रकाना मोकळा सोडलेला असतो. दोन, जमिनीवर पडणारे ठिपके, मासा पकडला समुद्रात आणि नोंद पडली म्युझियमच्या पत्त्यावर. तीन, अक्षांश-रेखांश अदलाबदल झालेल्या ओळी. हे तपासायला सोपं, आपलं कोल्हापूर १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व, हे उलटं टाकून बघा, कोल्हापूर डायरेक्ट नॉर्वेच्या वर समुद्रात जाऊन पडतंय. फाइलमध्ये असा एखादा ठिपका दिसला की उलटवून बघायचा.

साफ करून नकाशा तयार झाला की आता डोकं लावायचं. ठिपके कुठं दाट आहेत? अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियाच्या आजूबाजूला. मासे तिथंच जास्त आहेत म्हणून? नाही, संशोधनाची जहाजं तिथं जास्त फिरली म्हणून. नकाशावरचा ठिपका म्हणजे जाळं जिथं पडलं ती जागा. जिथं ठिपका नाही तिथं मासा नाही असं म्हणता येत नाही, जोपर्यंत तिथं जाळं टाकून रिकामं आलंय हे माहीत नाही. हे एक वाक्य लेखात टाका, मास्तर खूश होतात. बोंबलावर हेच करून बघा. त्याचं पहिलं वर्णन गंगेच्या मुखाकडच्या माशावरून झालं, तर सगळ्यात मोठी मासेमारी आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर, आणि मधल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर तो नावालाच. तिथं मासेमारी शतकानुशतकं चालू आहे, म्हणजे ती मोकळी जागा खरी मोकळी. खोल समुद्रात अशी खात्री फार थोड्या ठिकाणी देता येते.

अरबी समुद्र मात्र त्यातलं एक. उत्तर अरबी समुद्रात वायपरफिश सापडतो, पण तो प्रामुख्यानं पॅमेलास. ह्याचं वर्णन केलं आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९२ मध्ये. अल्कॉक मूळचे डॉक्टर, 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या सर्व्हेच्या जहाजावर सर्जन आणि निसर्ग-अभ्यासक म्हणून होते, पुढं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. आणि ते जहाज बांधलं मुंबईच्या गोदीत, १८८१ साली.

तर एकाच जीनसचे दोन मासे, दिसायला बरेचसे सारखे, मग जागा का वाटून घेतल्या? अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. वर पावसाळ्याच्या वाऱ्यानं खालचं खताचं पाणी वर येतं, शेवाळ-प्लँक्टन भरमसाट वाढतं, ते मरून खाली जातं, कुजताना ऑक्सिजन खातं, आणि खालच्या पाण्यात ताजा ऑक्सिजन फारसा पोचत नाही. वायपरफिशचा दिवसाचा मुक्काम नेमका ह्याच पट्ट्यात. गिब्ज आणि हर्विट्झ यांनी १९६७ साली हिंदी महासागरातल्या ह्या दोन जाती शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या, तर पॅमेलासच्या कल्ल्यांचे तंतू स्लोआनीपेक्षा लांब. म्हणजे पाण्यातला तुटपुंजा ऑक्सिजन ओढून घ्यायला जास्त जागा. नाद खुळा! नकाशावर जी सीमा दिसते ती माशाच्या कल्ल्यात लिहिलेली आहे. आता सांगा, हे 'शारीरिक वैशिष्ट्ये' खाली टाकणार का 'आढळ' खाली?

म्हणून कुठलीही जात घेतली तरी तिचा जवळचा भाऊबंद शोधा, दोघांचे नकाशे एकावर एक ठेवा, आणि जिथं एक संपून दुसरा सुरू होतो तिथं पाण्यात काय बदलतंय ते बघा. तापमान असेल, ऑक्सिजन असेल, खाणं असेल. मग परत अंगाकडं या. तुमच्या लेखाचा जीव बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

फोटोचं थोडक्यात

२००४ च्या त्सुनामीनंतर 'किनाऱ्यावर वाहून आलेले विचित्र मासे' म्हणून फोटोंची एक माळ जगभर फिरली, अजून अधूनमधून येते. ते फोटो २००३ मधल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या नॉरफान्झ मोहिमेतले, त्सुनामीशी काही संबंध नाही. जगातला सगळ्यात कुरूप म्हणून प्रसिद्ध झालेल्या ब्लॉबफिशचा फोटो त्याच मोहिमेतला, आणि तो बिचारा खाली त्याच्या दाबात असताना तसा दिसत नाही, चांगला माशासारखा मासा असतो, वर ओढून आणल्यावर अंग ढासळून तसा गोळा होतो. म्हणून फोटो वापरताना तो जिवंत माशाचा पाण्यातला आहे, ताज्या पकडलेल्याचा आहे, का बरणीतला आहे हे खाली लिहायचंच. बरणीतल्या माशाचा रंग तर अजिबात लिहू नका, फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये झाक उडून जाते, चंदेरी-निळ्याचा तपकिरी होतो.

लिहिताना असं

नमुन्यादाखल देतो: "कॉलिओडस स्लोआनी हा सुमारे ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा दिवसा ५०० मीटरच्या खाली, मंद उजेडाच्या आणि त्याखालच्या अंधाऱ्या पट्ट्यात राहतो, पोटावरच्या प्रकाश-अवयवांच्या ओळी त्याची सावली लपवतात. रात्री लँटर्नफिशच्या मागं बरेच मासे वर येतात. जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रात त्याच्या नोंदी असल्या तरी ऑक्सिजन कमी असलेल्या उत्तर अरबी समुद्रात लांब कल्ल्यांचा कॉलिओडस पॅमेलास प्रामुख्यानं आढळतो." चार ओळी झाल्या, पण अंग, खोली, वागणं, जागा सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एक काढलं तर दुसरं लंगडं पडतं. डेटाबेसमधनं आकडे घेतले असतील तर कुठल्या तारखेला फाइल उतरवली ते लिहून ठेवा, नोंदी वाढत राहतात आणि पुढच्या वर्षी तुमचा नकाशा जुळणार नाही.

राहिलं एक. रत्नागिरी-मालवणला फिरायला गेलात आणि जेटीवर कुठल्या ट्रॉलरमधनं खरंच एखादा अनोळखी मासा निघाला, काळा, मोठ्या तोंडाचा, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, तर नुसता सेल्फी काढून येऊ नका. डावी बाजू वर करून ओल्या फळीवर ठेवा, शेजारी पट्टी किंवा नाणं, फिन टूथपिकनं पसरून एक अख्खा फोटो, मग डोकं, पोट आणि शेपटीचा जवळनं एकेक. तांडेलाला विचारा, दादा, जाळं किती वावावर होतं, कुठल्या बाजूला, दिवसा का रात्री. एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर, मीटर नंतर काढा, वहीत त्यांनी सांगितलेलाच आकडा लिहा. मासा देत असतील तर बर्फात ठेवून घ्या. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारता येतं, नाहीतर सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) किंवा झूलॉजिकल सर्व्हेला मेल टाकायचा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर साइज कमी होऊन फिनच्या काड्या मोजताच येत नाहीत.